वही बदलताना

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी पुष्कळांना वाटेल की, पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आणि सारे आयुष्य मुलांच्या पाढ्यांत घालविलेल्या मॅट्रिक शिक्षकाला ही उठाठेव सांगितली आहे कोणी? मोबाइलवरील अॅप चालविणाऱ्या संस्था आपले ग्राहक त्या अॅपमध्ये काय काय करतात ह्याची एक बारीक रोजनिशी ठेवीत असतात. ही रोजनिशी एका यंत्रणेतून उचलून दुसऱ्या यंत्रणेत न्यावयाची झाली, म्हणजे काय काय करावे लागते आणि त्या धांदलीत काय हरवते, हा आजचा विषय. मी संगणकाचा जाणकार नाही. परंतु वही बदलण्याचे काम मी स्वतः एकदा केले आहे, आणि ते वाईट केले आहे. तेवढ्या अधिकारावर हे चार शब्द बोलतो.

गेल्या दिवाळीत माझी बहीण भाऊबिजेला माहेरी आली, तिच्याबरोबर तिची मुलगीही आली. ही माझी भाची पुण्यास एका कंपनीत नोकरीला आहे. दूध, भाजी, किराणा घरपोच देणारे अॅप ही कंपनी चालविते. सणाचे चार दिवस मुलगी विसावेल अशी आमची अपेक्षा; पण ती आपली ओसरीवर लॅपटॉप उघडून रात्री अकरापर्यंत बसलेली. शेवटी मी विचारले, "अगं, फराळाचं ताट निवलं. एवढं काय चाललंय?" ती म्हणाली, "मामा, आमची वही बदलायची चालली आहे. जुनी वही महिन्याअखेर बंद होणार, आणि नवीतले आकडे जुन्याशी जुळेनात." 'वही' हा शब्द तिने माझ्यासाठी म्हणून योजिला होता. पण तो शब्द ऐकताच मला तिच्या कामात रस उत्पन्न झाला.

ही वही कसली, ते आधी सांगतो. आपण मोबाइलवर भाजीचे अॅप उघडता, ही एक नोंद झाली. मेथीच्या जुडीवर बोट ठेवलेत, ही दुसरी. जुडी पिशवीत टाकलीत, ही तिसरी. पैसे देण्याच्या पानापर्यंत गेलात आणि घरात मेथी आहे हे आठवून परत फिरलात, तर तीही नोंद होते. प्रत्येक नोंदीपाशी वेळ लिहिली जाते, फोनचा प्रकार लिहिला जातो, आणि नोंद कोणाची हे ओळखण्याची काही खूण ठेवली जाते. अशा लक्षावधी नोंदी एकत्र करून दुकानदार त्या वहीला प्रश्न विचारतो. शंभर गिऱ्हाइके दुकानात शिरली, त्यांपैकी माल पाहिला किती जणांनी, पिशवीत टाकला किती जणांनी, आणि पैसे दिले किती जणांनी? ह्या महिन्यात प्रथमच आलेल्यांपैकी पुढच्या महिन्यात किती परतले? जुन्या काळचा वाणी गल्ल्यावर बसून हे सारे नुसत्या डोळ्यांनी टिपीत असे. आता गिऱ्हाईक दिसत नाही, म्हणून वही लागते. मिक्सपॅनेल, अॅम्प्लिट्यूड, गूगल अॅनालिटिक्स ही अशा वह्यांची नावे. ह्या वह्या बहुधा भाड्याने मिळतात, आणि पुष्कळांचे भाडे नोंदींच्या किंवा ग्राहकांच्या संख्येवर ठरते. धंदा वाढला की भाडे वाढते, आणि मग मालक म्हणतो, दुसरी स्वस्त वही पाहा. कधी वही देणाराच आपली वही मिटवून टाकतो. कारण कोणतेही असो, स्थलांतर करावे लागते.

आता, वही बदलणे ही गोष्ट आम्हां पाथरीकरांना नवी नाही. हिशेबाशी ह्या गावाचा संबंध फार जुना. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे मूळ पुरुष पाथरीचे कुलकर्णी होते, असे फरिश्ता ह्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. पुढे पाथरी हैदराबाद संस्थानात गेली. संस्थानची राजभाषा उर्दू, वर्ष फसली, आणि नाणे हाली सिक्का. फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, आणि त्याच्या आकड्यात ५९० मिळविले की ज्या इसवी सनात ते सुरू झाले तो सन मिळे. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्र राज्य झाले. बारा वर्षांत दप्तराची भाषा बदलली, वर्ष बदलले, नाणे बदलले, मापे बदलली. एवढ्या थोड्या अवधीत इतक्या वेळा वही बदलावी लागलेला मुलूख विरळा!

माझे वडील पाथरीच्या बाजारपेठेत एका किराणा दुकानी मुनीम होते. हाली सिक्क्याची हकीकत मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे. १९५० साली भारतीय रुपया, म्हणजे ज्याला आमच्याकडे कलदार म्हणत तो, संस्थानी रुपयाच्या जोडीने रीतसर चालू झाला. भाव ठरला तो असा की, सात हाली म्हणजे सहा कलदार. पुढच्या वर्षी हालीचे नाणे काढणे बंद झाले. तथापि ते पुरते रद्द होण्यास १९५९ साल उजाडले. ह्या मधल्या काळात वडील रोजकीर्दीत दोन रकाने ओढीत, एक हालीचा आणि एक कलदाराचा. आणि रोज रात्री दोन्ही रकान्यांची रोकड मिळाल्यावाचून दुकानाचा दिवा मालवीत नसत. ज्या गिऱ्हाइकाचे सात रुपये दुकानात जमा होते, त्याच्या खात्यावर खतावणीत आता सहाच दिसू लागले. तो तावातावाने भांडायला येई. त्याला समजावावे लागे की, बाबा रे, तुझा एक पैसाही कमी झालेला नाही. मोजण्याचे नाणे तेवढे बदलले आहे. त्याची समजूत पटे ती वडिलांच्या वक्तृत्वाने नव्हे. जुना आणि नवा असे दोन्ही आकडे एका ओळीत शेजारी शेजारी लिहिलेले त्याला दाखविता येत, म्हणून पटे.

सातास सहा हा हिशेब निदान नेमका तरी होता. त्यानंतर १९५७ च्या १ एप्रिलपासून दशमान नाणी आली, तेव्हा तेवढीही सोय उरली नाही. रुपयाचे सोळा आणे होते, ते जाऊन शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस पैसे बरोबर होतात; परंतु एका आण्याचे होतात सव्वासहा. पाव पैशाचे नाणे कोठून आणावे? म्हणून नियम झाला की, अर्धा पैसा किंवा त्याहून कमी असेल तो सोडावा, अधिक असेल तर पुरा धरावा. अर्थात आण्याचे सहा झाले आणि तीन आण्यांचे एकोणीस. आता मौज पाहा. पूर्वी सोळा वेळा एकेक आणा दिला की रुपया भरत असे. सोळा वेळा सहा सहा पैसे दिले तर भरतात शहाण्णव. चार पैसे गेले कोठे? कोणी चोरले नाहीत, कोणाचे पडले नाहीत. एका मापाचे दुसऱ्या मापात रूपांतर करताना जी किसळ उडते, त्या किसळीत ते गेले. भाचीला मी हा हिशेब ओसरीवरच खडूने मांडून दाखविला, तेव्हा ती म्हणाली, "मामा, माझे आकडे जुळत नाहीत ते ह्याच जातीचे आहेत."

तिने मग मला एक उदाहरण सांगितले. ते जगभर घडलेले आहे, आणि आपणांपैकी ज्यांच्या घरी कोणी मराठी संकेतस्थळ चालवीत असेल त्यांच्या अनुभवाचेही असेल. गूगल कंपनीने २००५ साली अर्चिन नावाची एक कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी संकेतस्थळांवरील वाचकांची गणती करणारी आपली वही सर्वांना खुली केली. तिच्या पुढच्या आवृत्तीस युनिव्हर्सल अॅनालिटिक्स म्हणत. नवी, चौथी वही २०२० च्या ऑक्टोबरात आली. २०२२ च्या मार्चमध्ये जाहीर झाले की जुनी वही बंद होणार. आणि २०२३ च्या १ जुलैपासून तिच्या साध्या, बिनामूल्य प्रतीत नवी नोंद होईनाशी झाली. एका वर्षाने, म्हणजे २०२४ च्या जुलैपासून, जुनी पाने वाचावयासही मिळेनाशी होऊ लागली. जुन्या वहीतील आकडे नव्या वहीत उतरवून देण्याची सोय मुळी ठेवलेलीच नव्हती. ज्यांनी वेळीच उतरवून घेतले त्यांचे राहिले. ज्यांनी नाही, त्यांचा दहा-पंधरा वर्षांचा इतिहास पुसला गेला.

पण खरी गंमत ह्यापुढेच आहे. दोन्ही वह्या एकाच दारावर, एकाच वेळी ठेवल्या तरी त्यांचे आकडे जुळत नसत. कारण दोघींचे मोजण्याचे ध्येयच निराळे. जुनी वही मुख्यतः 'भेट' मोजी. नवी वही प्रत्येक 'घटना' मोजते. समजा, एक गृहिणी रात्री पावणेबारा वाजता पुरणपोळीची कृती वाचावयास बसली आणि सव्वाबारापर्यंत वाचीत राहिली. जुनी वही मध्यरात्री भेट तोडी. तिच्या लेखी ह्या झाल्या दोन भेटी. नवी वही मध्यरात्र पाळीत नाही. तिच्या लेखी भेट एकच. आता दुसरी गृहिणी घ्या. तिने तेच एक पान उघडले, पाच मिनिटे लक्ष देऊन वाचले, फोन मिटला आणि ती पुरण शिजवावयास गेली. जुन्या वहीत सामान्यतः शेरा पडे, 'आली तशी गेली.' कारण दुसरे पान उघडल्याचा पुरावा नाही. नवी वही म्हणते, दहा सेकंदांपेक्षा अधिक काळ थांबली, तेव्हा ती मन लावून आलेली. बाई तीच, पोळी तीच. एका वहीत ती वाया गेलेली आणि दुसऱ्या वहीत ती आदर्श वाचक! अशा स्थितीत कोणी अधिकारी दोन्ही आकडे शेजारी मांडून म्हणू लागला की, नव्या वर्षात वाचकांची गोडी एकाएकी वाढली, तर त्याला आपण काय म्हणावे?

भाचीच्या कंपनीत ह्याच्या उलट झाले. नव्या वहीत ग्राहकांचा आकडा जुन्याहून लहान दिसू लागला आणि वरिष्ठ मंडळी घाबरली. वास्तविक एकही ग्राहक गेला नव्हता. जुन्या वहीत, ओळख देण्यापूर्वी माल पाहत फिरणारा मनुष्य आणि ओळख दिल्यानंतर खरेदी करणारा मनुष्य हे दोन निराळे गणले जात. नवीत ते जोडले गेले व दोहोंचा एक झाला. आमच्या वडिलांच्या दुकानचा सातांचे सहा झालेला गिऱ्हाईक मला तत्काळ आठवला.

मग हे काम करावे तरी कसे? भाचीने मला जी रीत सांगितली ती मी माझ्या शब्दांत सांगतो. ती कोणत्याही वहीस लागू पडेल.

पहिले काम म्हणजे जुन्या वहीत काय काय लिहिले जाते त्याची यादी. ही यादी करावयास बसल्यावर असे आढळले की, शेकडो प्रकारच्या नोंदी होत होत्या आणि त्यांतील पुष्कळ कोणी कधी पाहतही नव्हते. कोणा एकाने कधीकाळी काही हेतूने सुरू केल्या, तो नोकरी सोडून गेला, नोंदी मात्र चालूच. प्रत्येक नोंदीपुढे एक प्रश्न लिहावा: ही कोणाच्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते? उत्तर नसेल तर ती नोंद जुन्या घरातच सोडावी. घर बदलताना फुटके माठ कोणी गाडीत भरीत नाही.

दुसरे काम नावांचे. 'मागणी पूर्ण' असे एक नाव तिच्या वहीत होते. एका शाखेने पैसे भरल्याबरोबर ते लिहावे, आणि दुसरीने माल ग्राहकाच्या दारात पोहोचल्यावर. नाव एक, अर्थ दोन. वर्षानुवर्षे ह्या दोहोंची बेरीज होत आली आणि ती बेरीज सभांतून वाचून दाखविली गेली! नव्या वहीत शिरण्यापूर्वी प्रत्येक नावाची व्याख्या एका कागदावर लिहून त्यावर सर्वांची संमती घ्यावी लागते. आम्ही शिक्षक मुलांना भूमितीत प्रथम व्याख्या पाठ करावयास लावीत असू, तेव्हा मुले कंटाळत. पण व्याख्येवाचून प्रमेय उभे राहत नाही.

तिसरे काम घड्याळाचे. जुनी वही भारतीय वेळेप्रमाणे दिवस बदली. नवीत प्रथम घड्याळ लावले गेले ते ग्रिनिचचे. आपला दिवस ग्रिनिचच्या साडेपाच तास आधी उगवतो. म्हणजे मंगळवारी पहाटे पाचला ज्या माउलीने दूध मागविले, तिची मागणी सोमवारच्या खात्यावर पडू लागली. दुधाच्या धंद्यात पहाट गेली तर राहिले काय? फसली आणि इसवी सनांतील अंतर ज्यांनी हिशेबात धरले आहे, त्यांना ह्या चुकीचे नवल वाटणार नाही.

चौथे काम, दोन्ही वह्या काही काळ बरोबरीने चालविणे. खर्च दुप्पट होतो, श्रम दुप्पट होतात, मालक कुरकुरतो; तरी हे टाळू नये. निदान एक महिना, साधल्यास एखादा सणाचा हंगाम धरून. रोज दोन्हींची रोकड ताडून पाहावी. आकडे तंतोतंत जुळलेच पाहिजेत असा आग्रह नाही. पण ते का जुळत नाहीत, हे दर वेळी एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ज्या फरकाचे कारण लिहून ठेवले तो फरक राहिला. ज्याचे कारण सांगता येत नाही ती चूक.

पाचवे काम, जुनी वही मूळ रूपात जपून ठेवणे. केवळ बेरजा ठेवून भागत नाही, मूळ नोंदी ठेवाव्या लागतात. कारण उद्याचा प्रश्न आजच्या बेरजेत उत्तर सोडून गेलेला नसतो. परंतु येथे एक मर्यादाही आहे. ह्या नोंदी माणसांच्या आहेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशात २०२३ साली संमत झाला. माहिती कोणत्या हेतूने घेतो ते सांगून घ्यावी, त्या हेतूपुरती वापरावी आणि हेतू सरल्यावर ती उगाच बाळगू नये, हे त्याचे सूत्र आहे. वही बदलणे ही ह्या दृष्टीनेही घर झाडण्याची वेळ असते.

भाचीचे सांगून संपले तेव्हा रात्र बरीच झाली होती. ती म्हणाली, "मामा, एक गोष्ट मात्र राहिली. जुन्या वहीत आकड्यांच्या कडेला आम्ही टिपणं लिहायचो. ह्या दिवशी पावसानं गाड्या अडकल्या, ह्या दिवशी अॅप दोन तास बंद होतं, असं. नव्या वहीत ती आपोआप येत नाहीत. वरचे म्हणतात, आकडे आले ना, टिपणं सोडून द्या." ह्यावर मी तिला जी हकीकत सांगितली, ती आजपर्यंत मी कोणाला सांगितली नव्हती. ती आपणांसही सांगतो, कारण ती सांगण्यासाठीच हे भाषण करावयाचे मी कबूल केले.

आमच्या भागातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी नवराबायको कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेस लागतात, आणि लहान मुले गाडीवर बसून बरोबर जातात. ती परततात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. मी ज्या खेड्यातील शाळेत होतो, तेथे दर वर्षी वर्गाचा मोठा भाग असा रिता होत असे. माझ्या आधीच्या गुरुजींनी एक रीत घालून दिली होती. हजेरीपत्रकात शेवटी शेऱ्याचा एक रकाना असे. अशा मुलाच्या नावापुढे त्या रकान्यात ते तांबड्या शाईने 'का.' असे अक्षर लिहीत. 'का.' म्हणजे कारखान्याला गेला आहे, शाळा सोडलेली नाही, येणार आहे, नाव राखावे. एवढा सगळा अर्थ त्या एका अक्षरात होता. मीही तीच रीत पुढे चालविली.

एके वर्षी नव्या नमुन्याच्या याद्या भरून द्यावयाच्या आल्या. नमुना सुबक होता, रकाने छापील होते. हजर दिवस, गैरहजर दिवस, एकूण. शेऱ्याचा रकाना नव्हता. मी दोन रात्री जागून सारी नावे सुवाच्य अक्षरांत उतरविली. बेरजा चोख केल्या. एकही आकडा चुकला नाही, आणि त्याचा मला अभिमानही वाटला. 'का.' हे अक्षर मात्र लिहावयास जागा नव्हती म्हणून लिहिले नाही. कोणाला विचारावे, समासात लिहावे, वेगळा कागद जोडावा, हे मला सुचले नाही. खरे सांगावयाचे तर सुचले होते. पण यादी स्वच्छ दिसावी ह्या मोहाने मी ते केले नाही. पुढे दीर्घकाळ गैरहजर असलेल्यांची नावे कमी करण्याची वेळ आली, तेव्हा यादी पाहून नावे कमी झाली. यादीप्रमाणे ते योग्यच होते.

चैत्रात ती कुटुंबे परतली. चौथीतील एक मुलगी दुसऱ्याच दिवशी दप्तर घेऊन आली. पाढ्यांत ती वर्गात सर्वांत पुढे असे. मी हजेरी घेतली. तिचे नाव आले नाही. ती काही बोलली नाही. सगळी नावे संपेपर्यंत उभी राहिली, आणि मग खाली बसली. तिच्या वडिलांना मी सांगू लागलो की, नाव पुन्हा घालतो, काही बिघडले नाही. ते म्हणाले, "नाव कमी झालंय म्हनता, तर ऱ्हाऊ द्या गुरजी. तितं बी तिची आई एकलीच मोळ्या बांधती." मी नाव पुन्हा घातले, 'नवीन दाखल' म्हणून. म्हणजे माझ्या वहीत एकीच्या दोन झाल्या. एक शाळा सोडून गेलेली आणि एक आजच आलेली. पण शाळेत असलेली ती एक मात्र पुढच्या दिवाळीत ऊसतोडीला गेली, ती पुन्हा शाळेत आली नाही.

माझ्या एका अक्षरामुळे तिचे शिक्षण गेले असे मी म्हणत नाही. दारिद्र्य, उचल, कोयता, ही कारणे माझ्या वहीहून पुष्कळ मोठी आहेत. परंतु ज्या बापाच्या मनात 'शिकवावे की नेऊ?' असा तराजू हलत होता, त्याच्या एका पारड्यात माझ्या सुवाच्य यादीने वजन टाकले, हे मला नाकारता येत नाही. मी आकडे सगळे नेले आणि आकड्यांचा अर्थ मागे टाकून आलो. जुन्या गुरुजींनी कित्येक वर्षांच्या अनुभवाने जे शहाणपण त्या अरुंद रकान्यात साठविले होते, ते मी छापील नमुन्यात जागा नाही एवढ्या कारणाने सोडून दिले.

भाची ऐकत होती. थोड्या वेळाने तिने लॅपटॉप पुन्हा उघडला. मी म्हटले, "अगं, आता झोप." ती म्हणाली, "टिपणांची यादी करून ठेवते, मामा. नव्या वहीत जागा नसेल तर शेजारी दुसरी वही ठेवीन." तिच्या वरिष्ठांनी ते मानले की नाही, हे मला अद्याप कळलेले नाही. ती संक्रांतीला येईल तेव्हा विचारीन.

श्रोतेहो, आपण कोणी अॅप चालवीत नसाल. परंतु वह्या आपल्या सर्वांच्याच घरी आहेत, आणि त्या पूर्वीपेक्षा अधिक वेळा बदलू लागल्या आहेत. घरखर्चाची चोपडी आपण मोबाइलात नेता. सोसायटीचा चिटणीस जुनी रजिस्टरे संगणकात घालतो. डॉक्टर आपला जुना कागद पाहून नव्या पडद्यावर टिपून घेतात. अशा वेळी आकड्यांची काळजी यंत्र घेईल. आपण समास पाहावा. कडेला कोणी काय लिहून ठेवले आहे, कोणत्या नावापुढे कोणती खूण आहे, ती खूण कोणी व का केली, हे जुनी वही मिटण्यापूर्वी, ती लिहिणारा मनुष्य हयात आहे तोवर, त्याला विचारून घ्यावे. नव्या वहीत त्यासाठी रकाना नसेल तर तो मागावा. मागून मिळाला नाही तर आपल्या हाताने ओढावा. पट्टी आणि तांबडी शाई ह्यांहून त्यास अधिक काही लागत नाही.